करंजीला किती तास लागतात?

महाराष्ट्र सरकारने २०२४च्या मार्चमध्ये एक रकाना वाढवला. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. टीव्हीवर ही बातमी लागली तेव्हा आमच्या मुलुंडच्या घरात आईने मिक्सर बंद केला, शेवटपर्यंत ऐकलं, 'झालं एकदाचं' म्हणाली आणि मिक्सर पुन्हा सुरू!

माझ्या डोक्यात वेगळंच चालू होतं. बापरे, किती सॉफ्टवेअरवाल्यांचे वीकएंड गेले! कारण मी तेव्हा नुकतीच 'मॉडेल' बनवायला शिकत होते. रॅम्पवरची नाही हं, डेटाबेसमधली.

मास कॉम केलेल्या मुलीला हे उद्योग कुणी सांगितले, असं माझ्या निम्म्या ग्रुपने विचारून झालंय. त्यांच्यासाठी एक किस्सा. जँगो नावाचं एक जगप्रसिद्ध वेब फ्रेमवर्क आहे (स्पेलिंगमधला 'डी' सायलेंट, नाव जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारिस्टवरून). ते एखाद्या चकाचक सॉफ्टवेअर कंपनीत जन्मलं नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' नावाचं एक वर्तमानपत्र आहे, त्याच्या वेब टीममध्ये २००३ साली एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन या दोघांनी ते सुरू केलं आणि जुलै २००५मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. डेडलाइन डोक्यावर असताना साइट पटापट उभी करता यावी, एवढीच त्यामागची गरज. म्हणजे धंदा आमचाच!

अशा फ्रेमवर्कच्या पोटात एक 'ओआरएम' असतो. ऑब्जेक्ट रिलेशनल मॅपर. नाव ऐकूनच जांभई येते, पण काम साधं आहे. डेटाबेसला फक्त टेबलं कळतात, रकाने आणि ओळी, आणि त्याची भाषा एसक्यूएल. आपल्या प्रोग्रॅमला मात्र 'ग्राहक', 'ऑर्डर' अशा वस्तू हाताळायच्या असतात. ओआरएम हा दोघांमधला दुभाषा. तुम्ही एकदा सांगायचं की ग्राहक म्हणजे काय: नाव, फोन, बिल्डिंग. हे झालं मॉडेल. त्यावरून टेबल तो बनवतो. मग 'मुलुंड पूर्वेचे सगळे ग्राहक दे' असं पायथॉनमध्ये म्हटलं की एसक्यूएलचं काय ते तो बघतो.

शिकायला मात्र मी जँगो घेतलं नाही. आमच्याच सेंट्रल लाइनवरचं घेतलं. मुलुंडहून स्लो लोकल पकडली की सहावं स्टेशन विद्याविहार. तिथे, स्टेशनच्या पश्चिमेला, फ्रॅपे नावाच्या कंपनीचा पत्ता अनेक वर्षं होता. ऋषभ मेहता हा इंडस्ट्रियल इंजिनिअर. घरच्या धंद्याला नीट चालेल असं सॉफ्टवेअर मिळेना म्हणून तो स्वतःच प्रोग्रॅमिंग शिकला. २००८मध्ये कंपनी काढली. त्यातून आलं ईआरपीनेक्स्ट, आणि त्याच्या पायाशी असलेलं फ्रॅपे फ्रेमवर्क. दोन्ही ओपन सोर्स, म्हणजे कुणीही फुकट उतरवून घ्यावं. यात मॉडेलला 'डॉकटाइप' म्हणतात आणि ते ब्राउझरमध्येच फॉर्म भरून बनवता येतं. रकान्याचं नाव टाका, प्रकार निवडा (मजकूर, तारीख, आकडा, होय-नाही), सेव्ह करा. मागे टेबल तयार! मजा म्हणजे, डॉकटाइप हासुद्धा एक डॉकटाइपच असतो. हे कळलं त्या रात्री मी जरा वेळ छताकडे बघत पडले होते.

आता घरचा धंदा म्हणाल तर आमच्याकडेही आहे. आई दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डर घेते. हिशोब सगळा वहीत. वहीतले ग्राहक असे: 'बँकवाल्या वहिनी', 'तिसरा मजला', 'नीलमनगरच्या पुण्याच्या'. बँकवाल्या वहिनी कधीच्या रिटायर झाल्यात आणि तिसऱ्या मजल्यावरही आता त्याच राहतात. वहीला काही फरक पडत नाही, कारण वही वाचणारी एकच. पण डेटाबेस असला समजूतदारपणा करत नाही. तो विचारतो, या दोघी एक का दोन? म्हणून ग्राहकाचं टेबल वेगळं करायचं आणि ऑर्डरमध्ये त्याच्याकडे बोट दाखवणारा 'लिंक' रकाना ठेवायचा. एकदा नाव लिहा, शंभरदा लिंक करा. ऑर्डरमधल्या चकली दोन किलो, चिवडा एक किलो अशा ओळींचं आणखी एक पोटटेबल, आणि त्यातल्या प्रत्येक ओळीला आपली ऑर्डर कोणती ते ठाऊक. पहिल्या रविवारी आम्हाला तेरा माणसांची सात झालेली सापडली. आई जाम खूश.

मग मी तिच्या रोजच्या कामाचं मॉडेल करायला घेतलं. नाव दिलं 'घाणा'. तारीख, पदार्थ, किती किलो. एवढं आई वहीत लिहायचीच, तेल-तुपाचा अंदाज यावा म्हणून. सरावासाठी मी २०२३ची अख्खी वही टाइप करून टाकली. आणि २०२४च्या सीझनआधी दोन रकाने वाढवायचे म्हटले: 'कुणी केलं' आणि 'किती तास'.

इथे ठिणगी पडली.

आईकडे सीझनला भांडुपहून चार जणी येतात. वर्षानुवर्षं त्याच. त्यांची नावं वहीत शेवटच्या पानावर, तीसुद्धा फक्त उचल घेतली तर. आईचं म्हणणं, 'त्यांचं काय लिहायचंय? त्या आपल्याच आहेत. सगळ्याला किलोमागे एकच दर, भानगड नाही.' मी म्हटलं, रकाना नसला तर हिशोब कसा काढणार? ती म्हणाली, 'मी काढते ना.' डॉकटाइपला नाव काय द्यायचं यावरच दोन दिवस गेले. आई म्हणे 'बायका'. मी म्हणे 'कारागीर'. ती म्हणे, कारागीर म्हणजे सोनार. मी तिला मिक्सर बंद करून ऐकलेल्या बातमीची आठवण करून दिली. त्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मुलुंडमधल्या सगळ्या मुलींना माहीत असेल. पण 'कारागीर' राहिलं.

दोन अटी मात्र तिने घातल्या आणि दोन्ही रास्त होत्या. एक, तास विचारताना घड्याळ घेऊन डोक्यावर उभं राहायचं नाही, संध्याकाळी त्या सांगतील ते लिहायचं. दुसरी, कुणाचं किती झालं हे बाकीच्यांना दिसता कामा नये. फ्रॅपेत याची सोय आहे. 'गेट लिस्ट' म्हणून माहिती मागितली तर मागणाऱ्याला परवानगी आहे का ते आधी तपासलं जातं. 'गेट ऑल' म्हटलं तर न विचारता सगळं हातात. डिलिव्हरीला येणाऱ्या माझ्या मावसभावासाठी अर्थातच पहिलं.

दिवाळी झाली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन बसले. प्रश्न सोपा होता: 'घाणा' घे, तारीख यंदाच्या सीझनची, पदार्थाप्रमाणे गट कर, किलोंची बेरीज, तासांची बेरीज. दोन-तीन ओळींचं काम.

शेव आणि चकलीचे आकडे ठीकठाक. सोऱ्या फिरला की किलो होतो. करंजी मात्र वेगळ्याच ग्रहावर! पारी लाटा, सारण भरा, कातण फिरवा नाहीतर मुरड घाला, मग मंद तेलात तळा. किलोमागे शेवेच्या तिपटीहून जास्त तास. आणि दर? सगळ्याला एकच. मग मी 'कुणी केलं' या रकान्यावर गट केला, तर करंजीच्या जवळजवळ सगळ्या ओळींवर एकाच ताईंचं नाव. कारण सरळ आहे, त्यांचा हात सुबक. करंजी फुटत नाही. ज्यांचा हात सगळ्यात चांगला, त्यांची तासाची कमाई सगळ्यात कमी. 'भानगड नको' म्हणून ठेवलेल्या एका दरात ही गोष्ट मस्त लपून बसली होती.

मला वाटलं आई वाद घालेल. तिने चष्मा लावला आणि आकडे वहीशी ताडून पाहिले. मग म्हणाली, 'ती कधी बोलली नाही.' थोड्या वेळाने, 'बोलेल कशी?' त्याच संध्याकाळी करंजीचा वेगळा दर ठरला, आणि पुढच्या वर्षी करंजीचा भावही वाढला. बँकवाल्या वहिनींनी फोन करून कुरकुर केली. आईने त्यांना एक पारी लाटून बघायचं आमंत्रण दिलं.

मी त्याच स्क्रीनवर उत्साहाने २०२३ उघडलं. टेबलात नंतर रकाने वाढवले की जुन्या ओळींचं काय होतं, हे त्या दिवशी नीट दिसलं. 'कुणी केलं' रिकामं. आणि तास? आकड्याच्या रकान्याला फ्रॅपे आपणहून शून्य भरतं. म्हणजे आमच्या डेटाबेसच्या मते २०२३च्या सगळ्या करंज्या शून्य तासांत झाल्या होत्या. कुणीही न करता! 'बघ,' मी म्हटलं, 'मागचं आता काही निघत नाही. लिहिलंच नव्हतं.'

'किलो तर लिहिलेत ना?' आई म्हणाली. 'करंज्या तेवढ्या काढ.'

मी फिल्टर लावला. पदार्थ करंजी, वर्ष २०२३. बेरीज आली.

'सगळ्या तिनेच केल्यात,' आई म्हणाली. 'मला आठवतंय. बाकीच्या तिघींना त्या वर्षी मी चकलीवरून उठूच दिलं नव्हतं.' मग नव्या दरातून जुना दर वजा केला, वहीच्या शेवटच्या पानावर गुणाकार मांडला, माझ्याकडून मोबाइलवर तपासून घेतला आणि कपाटाची किल्ली शोधायला लागली.