इतिवृत्त कोणी लिहायचं?

मीटिंग शाळेची असो, सोसायटीची असो, नाहीतर गणेशोत्सव मंडळाची असो; चार पुरुष नि दोन बायका बसल्या की वही कोणापुढे सरकते हे मैत्रिणींनो, तुम्हाला का सांगायला हवं? 'बाई, तुमचं अक्षर छान आहे, तुम्हीच लिहा ना!' मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. छान अक्षराची ही शिक्षा मी गेली आठ वर्षं भोगते आहे. लिहिण्यात हात गुंतला की बोलायचं राहून जातं. आणि जी बोलली नाही तिचं मत इतिवृत्तात येत नाही, मग ते लिहिणारी तीच का असेना!

आपल्याकडचंच हे रडगाणं, असा माझा समज होता. पण माझ्या भाचीनं एलन पाओ या अमेरिकन बाईचं 'रिसेट' हे पुस्तक वाचायला दिलं आणि अगदी पैशाच्या राजधानीतही वही बाईपुढेच सरकते हे कळलं.

एलनचा जन्म 1970 सालचा. आईवडील चिनी वंशाचे. वडील न्यूयॉर्क विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, आई कॉम्प्युटर इंजिनिअर. घरात तिघी मुली, त्यातली ही मधली. प्रिन्स्टनला इंजिनिअर झाली, मग हार्वर्डला कायदा शिकली, पुन्हा तिथेच एम.बी.ए. केलं. आता बोला! 2005 साली ती कॅलिफोर्नियात क्लायनर पर्किन्स या व्हेंचर कॅपिटल कंपनीत लागली.

व्हेंचर कॅपिटल म्हणजे काय, ते भाचीनंच समजावलं. नव्या कल्पनेला बँक सहजी कर्ज देत नाही, कारण तारण नसतं. मग अशा कंपन्या श्रीमंतांचे, संस्थांचे पैसे गोळा करून नवख्या उद्योगांत घालतात आणि बदल्यात मालकीचा वाटा घेतात. दहातले बरेचसे बुडतात, पण एखादा असा तरतो की सगळ्यांचं वसूल करून वर उरतं. अॅमेझॉन आणि गूगल अगदी लहान होते तेव्हा या क्लायनर पर्किन्सनं त्यांत पैसे घातले होते. उद्या जगात कुठला धंदा वाढणार हे जिथे ठरतं, त्या खोलीत एलन जाऊन बसली.

बसली खरी, पण कुठे? मीटिंगमध्ये टिपणं घ्यायला बायकांना सांगितलं जाई, पुरुषांच्या जेवणावळींना नि सहलींना त्यांना वगळलं जाई, असं तिनं पुढे कोर्टात सांगितलं. तिच्या कामाचे शेरे कोर्टात वाचले गेले ते तर ऐकण्यासारखे. एकीकडे ती पुरेसं बोलत नाही, पुढे येत नाही. आणि दुसरीकडे ती फार कोपरखळ्या मारते, कोणाशी पटत नाही! बोललं तर तोंडाळ, गप्प बसलं तर मुखदुर्बळ. नव्या सुनेला जे ऐकावं लागतं तेच हार्वर्डच्या दोन पदव्या घेतलेल्या बाईलाही चुकलं नाही.

मे 2012 मध्ये तिनं कंपनीवर दावा लावला. ऑक्टोबरात नोकरी गेली. 2015 च्या फेब्रुवारीत सॅन फ्रान्सिस्कोला खटला उभा राहिला. बाई म्हणून डावललं आणि तक्रार केली म्हणून काढलं, असं तिचं म्हणणं. कंपनी म्हणाली, बाई-पुरुषाचा इथे प्रश्नच नाही, हिचं काम कमी पडलं. एका विवाहित सहकाऱ्याशी तिचे काही काळ संबंध होते, तेही चव्हाट्यावर आले. सहकाऱ्यांविषयीची नाराजी तिनं एका कागदावर तक्ता करून लिहिली होती. कंपनीच्या वकिलांनी तोच तिच्याविरुद्ध दाखवला. आणि त्या वकील एक बाईच होत्या बरं!

ज्यूरीत सहा पुरुष नि सहा स्त्रिया. 27 मार्च 2015 ला निकाल लागला. एलन सगळ्याच मुद्द्यांवर हरली. वर कंपनीच्या खर्चापोटी सुमारे पावणेतीन लाख डॉलर तिच्यावर बसले.

पुस्तक वाचून झाल्यावर आमच्या घरी वाद झाला. हे म्हणाले, "कोर्टानं सांगितलं ना, अन्याय झालेला नाही? मग आणखी काय राहिलं?" प्रश्न अगदी खोटा नाही. ज्यूरीनं सगळ्यांचं ऐकून निकाल दिला, तो मानायला हवा. तिच्या वागण्यातलं सगळंच मला पटलं असंही नाही. पण एका बाईचा दावा सिद्ध झाला नाही म्हणजे प्रश्नच खोटा होता, असं कसं म्हणायचं? खटल्यात साक्ष दिलेल्या ट्रे वसॅलो या बाईंनी मग काहीजणींना घेऊन त्या भागातल्या दोनशेवर अनुभवी नोकरदार स्त्रियांना प्रश्न विचारले. ते 2016 मध्ये छापून आलं. शंभरातल्या 84 जणी म्हणाल्या, 'तू फार आक्रमक आहेस' असं आम्हाला ऐकवलं गेलं. जवळजवळ निम्म्या जणींना टिपणं घेणं, खाणं मागवणं अशी पुरुषांना न सांगितली जाणारी कामं सांगितली गेली होती. ही आकडेवारी दाखवली तेव्हा हे नुसतंच "हं" म्हणाले. आमच्या घरात 'हं' म्हणजे बरंच झालं!

मला एलनची सगळ्यात मोठी वाटलेली गोष्ट निराळीच आहे. कंपनीविषयी वावगं बोलणार नाही अशा करारावर सही केली असती, तर तिला पैसे मिळू शकले असते. तिनं सही केली नाही. अपील सोडून दिलं, खर्च भरला, पण तोंड मोकळं ठेवलं. 2016 साली तिनं काहीजणींबरोबर 'प्रोजेक्ट इन्क्लूड' ही संस्था काढली. नव्या कंपन्यांनी पहिल्यापासूनच सगळ्यांना सामावून कसं घ्यावं, ते ही संस्था सांगते. आणि 2017 मध्ये हे पुस्तक आलं. लिहिलेला तक्ता एकदा उलटला, तरी तिनं पुन्हा लिहायला घेतलं. दुसऱ्यांचं इतिवृत्त नव्हे, स्वतःचं.

आपल्याला काही कोर्टात जायचं नाही, पुस्तकही काढायचं नाही. पण हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर तारीख घालून आपलं म्हणणं लिहून ठेवायला काय हरकत आहे? आणि सभेत वही पुढे आली तर हसतमुखानं म्हणावं, "या वेळी सर लिहितील. मला आज बोलायचंय."