दुरून साजरे

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण कोकणी माणसाने काढलेली नसणार, असं मला कधीपासून वाटत आलं आहे. कोकणात डोंगर दूर असतोच कुठे? घरामागे डोंगर, पुढे पऱ्या, पऱ्यापलीकडे पुन्हा डोंगर. परड्यात उभं राहून मान वर केली की तो अंगावर आलेलाच असतो. पावसाळ्यात दरडीच्या रूपाने तो कधी खाली उतरेल याचा नेम नाही. अशा शेजाऱ्याला साजरा म्हणायला जीभ रेटत नाही.

पूर्णगडाहून कशेळीपर्यंत किनाऱ्याच्या कडेने चालत निघालं की ही म्हण जास्तच छळते. दिवसभराची निवांत चाल आहे. पूर्णगड हा किल्ला म्हणावा इतका मोठाही नाही. मुचकुंदीच्या मुखावर तो उभा आहे. तटावर चढलं की खाडी कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो ते पाण्याच्या रंगावरून कळतं. 1818 साली कोकणातले किल्ले भराभर इंग्रजांच्या हाती गेले, त्यात हाही गेला. महाराजांनी बांधलेला हा शेवटचा किल्ला, म्हणून पूर्णगड, असं सांगतात. पुरावा कोणी विचारत नाही, मीही विचारला नाही. खाली उतरून पुलावरून खाडी ओलांडली की गावखडीची पुळण लागते. मागे सुरूचं बन, पुढे वाळू. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं इथे अंडी घालायला येतात आणि गावातले कासवमित्र ती अंडी कुंपणात हलवून राखतात. तिथे रमायला हरकत नाही, पण माझं लक्ष पुढच्या चढावर असतं. चढ संपला की सडा.

सडा जवळून पाहावा. जांभ्याचा कातळ, सगळा भोकाभोकांचा. भोकांत लाल-पिवळी माती, एखाद्यात मुंग्यांची ये-जा, एखाद्यात गेल्या पावसातलं शेवाळ वाळून काळं पडलेलं. हात घासला तर कातडी सोलून निघेल. एप्रिलमध्ये हा कातळ चपलेच्या तळव्यातून भाजतो आणि भाद्रपदात त्याच्याच खळग्यांत पाणी साचून सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं दाटीने उभी राहतात. या सड्यावरून तुम्ही सपाट चालत असता. चढ नाही, उतार नाही, पुढे करवंदीची जाळी, तिच्यापुढे थोडं वाळलेलं गवत, आणि मग जमीनच नाही. खाली समुद्र. वर जांभा, खाली काळा खडक. लाट तळ पोखरत राहते, आणि वरचा कातळ आधार नसताना पुढे आलेला राहतो, पडेपर्यंत. गुरं घेऊन आलेल्या एका आजोबांनी लांबूनच हटकलं होतं, ‘फुडं जाव नका, थयला कातळ फुटलेला हाय.’

तर मुद्दा असा की वरून चालणाऱ्याला तिथे डोंगर नाहीच. एक पठार आहे आणि त्याची कड आहे. डोंगर आहे तो फक्त समुद्रावरून पाहणाऱ्याला. होडीतून बघा, पाण्यातून उभा उठलेला तांबडा-काळा कडा, माथ्यावर हिरवी रेघ. म्हणजे इथे डोंगर दुरून साजरा दिसतो असं नाही, तो दुरूनच डोंगर असतो. जवळ गेलं की साजरेपण जायच्या आधी डोंगरच नाहीसा होतो. म्हणीत ही सोय नाही.

मग वाटलं, ही म्हण होडीवाल्याची असेल. पण तेही पटत नाही. समुद्रावरचा माणूस डोंगराकडे शोभेसाठी बघत नाही. अमुक देवळाचं शिखर तमुक डोंगराच्या खांद्याशी आलं की होडी वळवायची, हे तांडेलाचं गणित. आता हातात जीपीएस आहे, पण जुनी माणसं अजून एकदा किनाऱ्याकडे बघून खात्री करतात. त्यांना डोंगर दुरून ‘कळतो’. आणि जवळ आलेला कडा म्हणजे संकट. खारा वारा जोरात असला, गलबत किनाऱ्याकडे लोटलं जात असलं, तर हा कडा पाहून कोणाच्या तोंडून ‘साजरा’ निघेल?

संस्कृतात एक सुभाषित आहे. त्यात दुरून बऱ्या वाटणाऱ्या गोष्टी एक नाही, तीन सांगितल्या आहेत: डोंगर, गणिकेचा रंगवलेला चेहरा आणि युद्धाच्या बातम्या. आपल्या म्हणीने तीनपैकी डोंगर तेवढा ठेवला आणि बाकी दोन गाळल्या. का गाळल्या, हा विचार करत मी एकदा कशेळीला देवघळीच्या कड्यावर बसलो होतो आणि एकदम ध्यानात आलं की या गावाच्या कथेत तिन्ही आहेत.

कशेळीच्या कनकादित्याची कथा तिकडे लहान मुलंही सांगतात. सौराष्ट्रावर परचक्र आलं. प्रभासपट्टणची सूर्याची मूर्ती वाचवायला एका व्यापाऱ्याने ती जहाजात घातली आणि दक्षिणेची वाट धरली. कशेळीसमोर जहाज थांबलं. काही केल्या हलेना. देवाची इथेच राहायची इच्छा दिसते म्हणून मूर्ती उतरवून कड्यातल्या गुहेत ठेवली, तेव्हा जहाज सुटलं. पुढे कनका नावाच्या गणिकेला दृष्टान्त झाला. तिने गावाला सांगितलं, गावाने मूर्ती वर आणली, देऊळ उभं केलं. देव सूर्य, त्याचं नाव कनकादित्य. रथसप्तमीला तिथे मोठा उत्सव होतो.

डोंगर आहे, गणिका आहे, युद्ध आहे. सुभाषितकाराने कशेळी पाहिली नसणार. पण कशेळीवाल्यांनी सुभाषिताचं पार उलटं करून ठेवलं आहे.

युद्धाचंच घ्या. कथा सांगणारे पुष्कळ जण खिलजीचं नाव घेतात. अलाउद्दीनच्या फौजा गुजरातेत उतरल्या त्या 1299 मध्ये. पण कशेळीचा ताम्रपट शके 1113 चा, म्हणजे इ.स. 1191 चा. शिलाहारांच्या दुसऱ्या भोजाने गाव दान दिल्याचा तो लेख आहे. मूर्तीच्या प्रवासाचा पुरावा म्हणून तो वाचता येणार नाही. गाव आधीचं आणि मूर्ती नंतरची असंही असू शकतं. महमूद गझनी 1026 मध्येच सोमनाथला येऊन गेला होता, तेव्हाची ही गोष्ट असंही म्हणता येईल. मला यातल्या कुठल्याही तारखेची बाजू घ्यायची नाही. लढाई तिकडे शेकडो कोसांवर झाली, आणि इथे तिची बातमी मूर्तीच्या रूपाने आली, हे मला जास्त नवलाचं वाटतं. सुभाषितकार म्हणतो, युद्धाच्या गोष्टी दुरून रम्य. कशेळीच्या कथेत युद्ध नावापुरतं आहे. कोण लढलं, कोण मेलं, कोणाच्या तलवारीने किती पडले, काही नाही. त्यातून वाचवून आणलेली एक वस्तू आहे आणि ती कुठे ठेवायची हा प्रश्न आहे. दुरून आलेल्या युद्धाची इतकी शहाणी गोष्ट मी दुसरी ऐकलेली नाही. की हेही मला दुरूनच वाटतं आहे?

आणि जहाज का थांबलं असेल? देवाची इच्छा हे उत्तर आहेच. वारा पडला, हेही उत्तर आहे. शिडाची गलबतं किनाऱ्यालगत जायची ती रात्री-पहाटेच्या मतलई वाऱ्यावर आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर. दोहोंच्या मधल्या वेळात समुद्र तेलासारखा होतो आणि शीड लोंबतं. त्या अवस्थेत कड्यासमोर अडकलेल्या व्यापाऱ्याला तो डोंगर कसा दिसला असेल, याचा अंदाज मला करता येत नाही. भीती वाटली असेल, की इतक्या दिवसांनी जमीन जवळ आली म्हणून हायसं वाटलं असेल?

पण मला सोडत नाही ती कनका. तिच्याबद्दल कथेत एक ओळ आहे. गणिका होती, दृष्टान्त झाला, बस. ती कशेळीत काय करत होती? गणिका राहते तिथे पैसा फिरत असतो, म्हणजे तेव्हा इथे गलबतं लागत असणार, व्यापारी उतरत असणार. की ती एखाद्या देवळात सेवेला होती, आणि मग देऊळ आधीच होतं? कशाला काहीच धरबंध नाही. एवढं मात्र दिसतं की दृष्टान्त गावच्या एखाद्या कुलीन गृहस्थाला झाला नाही, तिला झाला. आणि तिने सांगितल्यावर गावाने ऐकलं. आज तशा एखाद्या बाईने चावडीवर येऊन सांगितलं असतं की मला स्वप्नात देव दिसला, कड्यातल्या गुहेत जाऊन बघा, तर कितीजण उठले असते? सुभाषितकाराने तिला दूर ठेवा म्हटलं, आणि गावाने तिचं नाव देवाच्या नावाआधी लावलं. हे गावाचं मोठेपण मानावं, की नाव घेतलं की माणसाला विसरायला सोपं जातं, असं मानावं? मला पहिलं मानायला आवडेल. खात्री नाही.

या सगळ्यावर पाणी पडतं ते हत्तीपाशी गेल्यावर.

कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला एक हत्ती आहे. सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद. त्याच्या पोटात सत्तरच्या आसपास छोट्या आकृत्या आहेत. प्राणी, पक्षी, आणि मुशी, पाकट यांसारखे समुद्रातले जीवही. कोकणच्या सड्यांवर अशी कातळशिल्पं शेकड्यांनी आहेत. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती गावोगाव फिरून शोधली. 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत जी निवडक ठिकाणं गेली त्यांत कशेळी आहे. काळाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही, पण काही हजार वर्षं मागे जावं लागतं यावर वाद नाही.

त्या हत्तीजवळ उभं राहिलं तर हत्ती दिसत नाही. पायाजवळ एक चर दिसतो, तो वळतो, दुसऱ्याला मिळतो. हा पाय, ही सोंड, असं कोणी बोट दाखवलं तरी डोळ्यात आकृती भरत नाही. पुरता हत्ती दिसतो तो ड्रोनने काढलेल्या फोटोत. गुरं, गुराखी, लाकूडफाट्याला जाणाऱ्या बाया पिढ्यानपिढ्या त्याच्यावरून गेल्या असतील. म्हण सांगते की जवळ गेलं की खरं काय ते कळतं. इथे जवळ गेलं की काहीच कळत नाही. आणि ज्याने कोरला त्यालाही तो कधी पुरता दिसला नसेल. अंगणात बसून रांगोळी काढणारी बाई मधूनच उभी राहून बघून घेते. पण 18 मीटरचा हत्ती बघायला उभं राहून भागत नाही, आणि आसपास चढून बघावं असा उंचवटाही नाही. मग प्रमाण कसं राखलं? कुठून बघत होता तो? हत्ती तरी कुठे पाहिला होता? त्या वेळी समुद्र या कड्याला भिडलेला होता का, हाही प्रश्नच आहे. शेवटच्या हिमयुगात तो सुमारे 120 मीटर खाली होता आणि किनारा पश्चिमेला कितीतरी लांब. पण हत्तीच्या पोटात मुशी आणि पाकट आहेत, म्हणजे कोरणाऱ्याचं पाण्याशी येणं-जाणं होतं.

सातबाऱ्यावर हाच सडा पोटखराबा असतो. कचेरीत बसून पाहणाऱ्याला तो साजराही दिसत नाही, रिकामा दिसतो. कशेळीच्याच राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर 2023 मध्ये रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, तेव्हा गावकरी कातळावर जाऊन बसले. तिथेही कातळशिल्पं आहेत. दुरून जे दिसत नाही तेही या म्हणीत कुठेतरी बसवायला हवं, पण कसं ते मला सुचलेलं नाही. आणि गावातही सगळ्यांचं मत एक नाही. ज्याच्या पोराला मुंबईला जाऊनच पोट भरावं लागतं त्याला मी सड्याचं सौंदर्य कोणत्या तोंडाने सांगू?

म्हणीचं म्हणाल तर ती खरी की खोटी हे मला आधी जेवढं कळत होतं तेवढंही आता कळत नाही. तुम्ही गेलात तर पावसाळा सरता सरता जा, पाणी बरोबर घ्या, कड्याच्या टोकाला जाऊ नका. आणि हत्तीभोवती कडेने फिरा. रेषांवर पाय देऊ नका, फोटोत उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडू भरू नका.