नियमभंगाची मौज

समाजाचे नियम जाणून घ्यावयाचे असतील तर धर्मशास्त्राचे ग्रंथ चाळण्याची आवश्यकता नाही. एखादा अगदी क्षुल्लक नियम मोडावा आणि भोवतालच्या मंडळींचे चेहरे पाहावेत. ज्या नियमाचे अस्तित्वही कालपर्यंत कोणाच्या ध्यानात नव्हते, तो मोडताच घरातील लहान मूलसुद्धा त्यावर भाष्य करू लागते.

हा खेळ शास्त्र म्हणून खेळून पाहणारे एक पंडित अमेरिकेत होऊन गेले. हॅरल्ड गार्फिंकेल हे लॉस एंजेलिस येथे कॅलिफोर्निया विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापक होते. त्यांनी विद्यार्थ्यांस सांगितले की, पाव तासापासून तासभरापर्यंत आपल्याच घरी, पैसे देऊन राहिलेल्या परक्या माणसासारखे वागावे. अदबीने बोलावे, सलगी करू नये, विचारल्यावाचून तोंड उघडू नये. या प्रयोगाचा वृत्तांत त्यांच्या १९६७ सालच्या ग्रंथात आहे. वास्तविक सौजन्याने कोणास राग येण्याचे कारण नाही. परंतु आईबाप प्रथम गोंधळले आणि मग चिडले. तू आजारी आहेस काय, नोकरी गेली काय, वेड तर लागले नाही ना, अशी प्रश्नांची सरबत्ती झाली. घरातलाच खाऊ घेण्यास परवानगी मागणाऱ्या मुलामुळे त्याची आई ओशाळली. ४९ विद्यार्थ्यांपैकी पाच जणांनी तर हे काम करण्यास नकारच दिला. मागाहून खुलासा केल्यावरही फार थोड्या कुटुंबांस त्यात गंमत वाटली.

मला या हकिकतीत एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. नियमभंग माणसे एक वेळ सोसतील, पण त्याचे कारण न कळणे त्यांना सोसत नाही. कारण सापडले नाही तर ती ते निर्माण करतात. आणि ते कोणाच्या माथी मारावयाचे हेही बहुधा आधीच ठरलेले असते.

याचा अनुभव मी घरीच घेतला. आमच्याकडे गौरीजेवणाच्या दिवशी पाऊणशे पाने तरी होतात. पहिली पंगत पुरुषांची, दुसरी बायकांची, आणि उष्टी काढावयाची ती बायकांनीच. यात कोणाचा जुलूम आहे असे घरात कोणासही वाटत नसे. एका वर्षी मी काही न बोलता पहिल्या पंगतीस बसलो नाही. दुसऱ्या पंगतीत जेवलो, उठल्यावर बादली घेतली आणि पाने उचलू लागलो. ओटीवरच्या गप्पा एकाएकी थांबल्या. काकांनी कचेरीत काही बिनसले का, अशी हळूच चौकशी केली. आत्याने कपाळाला हात लावून ताप पाहिला. आई काहीच बोलली नाही. तिने माझ्या हातातली बादली काढून घेतली. सायंकाळपर्यंत पुरुषमंडळी सारे विसरली. मला कोणी एक शब्दही वावगा बोलले नाही.

स्वयंपाकघरात मात्र निराळाच न्यायनिवाडा चालला होता. आत्या माझ्या पत्नीला म्हणाली, “काय गं, तुझ्या माहेरी पुरुषच उष्टी काढतात वाटतं?”

रात्री पत्नीने मला ते सांगितले आणि एवढेच म्हणाली, “गंमत पाहणारे तुम्ही, बोलणी खाणारी मी.”

या एका वाक्याने मला पुण्याचे पंचहौद मिशनचे प्रकरण नव्याने उमगले. १८९० सालच्या ऑक्टोबरात या मिशनमध्ये व्याख्यानासाठी पुण्यातील पुष्कळ प्रतिष्ठित मंडळी जमली होती. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी पेला तसाच ठेवला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात प्रसिद्ध करविली. तीत रानडे, टिळक, गोखले ही नावे होती. ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि १८९२ साली चौकशी होऊन चहा घेणाऱ्यांस प्रायश्चित्त सांगण्यात आले. गावाची परीक्षा पाहण्याची हौस गोपाळरावांची होती. पण श्राद्धाला, मुंजीला, लग्नाला भिक्षुक मिळेना तेव्हा कुचंबणा झाली ती चहा घेणाऱ्यांच्या घरच्यांची, म्हणजे ज्या बायकांनी तो पेला पाहिलाही नव्हता त्यांची.

याच गोपाळरावांनी आपल्या पत्नीस, आनंदीबाईंस, हट्टाने शिकविले आणि डॉक्टर होण्यासाठी परदेशी पाठविले, हे त्यांचे ऋण कोणीही नाकारणार नाही. पण त्यासाठी रस्त्यातून चालताना लोकांची कुचेष्टा सोसली ती आनंदीबाईंनी. १८८३ साली निघण्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूर येथे भाषण करताना त्यांनी स्वतःच ती हकिकत सांगितली आहे. मात्र त्यांचा नियमभंग प्रयोगासाठी नव्हता. आपल्याला काय हवे आहे आणि त्याची किंमत काय, हे दोन्ही ठाऊक असून त्या निघाल्या होत्या.

पुढच्या वर्षी गौरी आल्या तेव्हा आमच्या घरी बेत आधी स्वयंपाकघरात ठरला. पत्नीने तो प्रथम आईच्या कानावर घातला, आईने आत्याच्या, आणि ओटीवर बातमी आली तेव्हा तिला आईच्या आज्ञेचे स्वरूप आले होते. आधी वडीलधाऱ्या बायका बसतील, तरुण मुलगे वाढतील. काकांनी थोडी कुरकुर केली. पण ‘कारण काय’ हे त्यांना कोणाला विचारावयाचे ते ठाऊक असल्यामुळे ते लवकरच निवळले. सत्तरी उलटलेल्या आत्याने त्या दिवशी तव्यावरून उतरलेली पुरणपोळी खाल्ली. ‘गरम पोळीला चव वेगळीच असते,’ असे ती म्हणाली, आणि क्षणभर कोणाला काही सुचले नाही.

नियम मोडून जगाची तऱ्हा पाहणाऱ्यास शहाणपण मिळते, यात संशय नाही. परंतु लोक काय म्हणाले याची नोंद करताना ते कोणाला म्हणाले हेही टिपून ठेवावे. ज्याला बोल लागतो त्याच्याच खांद्यावर तो नियम उभा असतो. आणि तो खरोखर मोडावयाचा असेल तर प्रथम त्या खांद्याची संमती घ्यावी लागते.