अठरा मिलिमीटर

दीड मिलिमीटरच्या बर्च प्लायवर जोडासाठी एकास बाराचा उतार काढायचा, म्हणजे १८ मिलिमीटर. मी एकास पंधराचा काढायचो. गरज म्हणून नव्हे, मिजास म्हणून. उतार नीट उतरला की थरांमधल्या डिंकाच्या दोन रेषा रुळांसारख्या समांतर दिसतात. रंधा किंचित कलला की त्याच नागमोडी होतात. वर्षभर माझ्या नागमोडीच येतायत. अंगठा थरथरतो. धार कागदाइतकी पातळ होते न होते, तोच पातं तिचा चावा घेतं. अकरा तुकडे फुकट घालवले.

मी बांधतोय ते एका आसनाचं विमान आधी जॉन टेलरने इलफर्डच्या राहत्या घरात बांधलं, ४ जुलै १९५९ला ते व्हाइट वॉल्थमवरून उडालं. पंख २१ फूट, इंजिन जेमतेम ३८ अश्वशक्तीचं. आता लोक ॲल्युमिनियमची किट आणतात. भोकं कारखान्यातूनच पाडलेली, फक्त रिव्हेट मारायचे. ते उडतात, माझं अजून लेस्टरच्या गॅरेजमध्ये आहे. तरी त्याला बांधणं म्हणायला माझी जीभ वळत नाही. कपाट जोडतात ते.

पुतणी शिकायला इथे आलीय, शनिवारी हाताखाली असते. मी रंध्याशी झगडत होतो, तिने काचेच्या पट्टीला सँडपेपर चिकटवला. चार तुकडे पायऱ्यांसारखे एकावर एक सरकवले, चारही एकदमच घासले. "काका, फुंकर मारा." भुसा उडाला. आठ रेषा, सगळ्या सरळ. सँडपेपर म्हणजे सुताराची पळवाट, हे मी तिला दोनदा ऐकवलं होतं.

मंगळवारी विमान तपासणारा इन्स्पेक्टर आला. चष्मा कपाळावर सरकवून त्याने उतारावरून नख फिरवलं. म्हणाला, तुझा हात अजून शाबूत आहे. मी "थँक यू" म्हणालो. ती दारातच उभी होती, हातात चहाचा ट्रे.

मग त्याने पट्टी लावली. "तू नेहमी जास्त काढतोस ना? या वेळी अठराच?"

"पुरतो तेवढा," मी म्हणालो.

तिने ट्रे रंध्याशेजारी ठेवला आणि माझ्या कपात साखर घातली. दोन चमचे. मी बिनसाखरेचा पितो, हे तिला ठाऊक आहे.