कपाटाची किल्ली

शाळेच्या दप्तरात एक जाडजूड नोंदवही असते. तिचे नाव 'जडवस्तूसंग्रह'. टेबले, खुर्च्या, फळे, पाण्याची टाकी, भारताचा नकाशा, जे जे म्हणून शाळेने विकत घेतले आणि जे सहसा जागचे हलत नाही, ते सारे तिच्यात ओळीने नोंदलेले असते. आमच्या शाळेच्या या वहीत घंटेनंतर आणि सतरंज्यांच्या आधी पुस्तके येतात. हिशेबाच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही. पण एखाद्या वस्तूची नोंद एकदा 'जड' म्हणून झाली, की माणसे पुढे तिच्याशी तशीच वागू लागतात. घंटा निदान रोज वाजते तरी!

प्राथमिक शाळेचे ग्रंथालय म्हटल्यावर वाचकहो, तुमच्या डोळ्यांपुढे उंच खिडक्या, लांब मेजे आणि शांततेची पाटी आली असेल, तर ती कृपा करून पुसून टाका. आमचे ग्रंथालय म्हणजे दुसरीच्या वर्गात मागच्या भिंतीला लावलेले एक लोखंडी कपाट. त्याचे एक दार मुळीच उघडत नाही आणि दुसरे उघडताना असे किंचाळते, की शेजारच्या वर्गातल्या मुलांनाही कळते : आज शनिवार, ग्रंथालयाचा तास! २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींसह सगळ्या विषयांची पुस्तके असावीत, असे स्वच्छ लिहिले आहे. कपाटाची किल्ली कुणाकडे असावी, हे तेवढे कायद्यात नाही. आणि खरे सांगायचे तर सगळी मेख तिथेच आहे.

पण आधी त्या तासाविषयी सांगते. शनिवारची सकाळची शाळा. पस्तीस मिनिटे. वेळापत्रकात हा तास कार्यानुभव आणि खेळ यांच्या मध्ये अंग चोरून उभा असतो. कुणी शिक्षक रजेवर असले, कुठली माहिती तातडीने वर पाठवायची असली, की पहिला बळी याचाच. म्हणून मी एक युक्ती केली. शनिवारी घंटा होताच मी कपाटाचे दार उघडते. एकदा ते किंचाळले, की मग तो तास माझ्याकडून काढून घेण्याची कुणाची प्राज्ञा नाही. पोरेच घेऊ देत नाहीत.

पहिली दहा मिनिटे मी वाचून दाखवते. पुस्तकाचे तोंड मुलांकडे, त्यामुळे मला अक्षरे तिरकी दिसतात. इतक्या वर्षांत तिरके वाचणे मला सरळ वाचण्याइतकेच जमू लागले आहे. चित्र आले की थांबायचे. घाई केली तर मागून आवाज येतो, "बाई, हमको नहीं दिखा!" आमच्या शहराची भाषा अशी दोन काठांमधून वाहते. गोष्ट मराठीत ऐकायची आणि तिच्याबद्दल भांडायचे ते दखनीत, यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

मग पुस्तके निवडायची. मूल पुस्तक कसे निवडते, हे पाहण्यासाठी मी एखाद्या नाटकाचे तिकीट सोडून देईन. मोठी माणसे लेखकाचे नाव पाहतात. मूल आधी पुस्तक हातात तोलते, मग मधलेच पान उघडते, मग आपल्या मित्राने काय घेतले ते पाहते, आणि शेवटी जे दुसऱ्याच्या हातात असते तेच त्याला हवे असते. 'किशोर'चे जुने अंक तर कधी कपाटात दिसतच नाहीत. बालभारतीने हे मासिक १९७१ साली सुरू केले. माझ्याकडे आलेल्या काही अंकांची मुखपृष्ठे गळून गेली आहेत, तरी त्यांच्यासाठी नंबर लागलेले असतात.

पुस्तके लावायची कशी, हाही एक धडाच झाला. मेल्व्हिल ड्यूई या अमेरिकन गृहस्थाने १८७६ साली जगातल्या साऱ्या ज्ञानाची दहा वर्गांत वाटणी करून दिली. प्राण्यांना ५९०, लोककथांना ३९८. मी मोठ्या उत्साहाने चौथीला हे समजावून सांगितले. एका मुलीने हात वर केला. "बाई, मग कोल्ह्याची गोष्ट कुठं ठेवायची? कोल्हा तर प्राणी आहे." ड्यूईसाहेबांकडे याला उत्तर आहे, पण मुलांनी ते ऐकून घेण्याआधीच कपाटाची वाटणी स्वतः करून टाकली. एक कप्पा हसायच्या पुस्तकांचा, एक भीतीच्या, एक खऱ्या-खऱ्या गोष्टींचा आणि एक 'आजीला वाचून दाखवायच्या' पुस्तकांचा. गेली तीन वर्षे हीच पद्धत चालू आहे आणि पुस्तक सापडले नाही अशी तक्रार नाही.

महिन्यातून एक शनिवार शब्दकोशाचा. मी शब्द सांगायचा, मुलांनी शोधायचा. 'ज्ञानेश्वर' सांगितला त्या दिवशी मोठी गंमत झाली. आपेगाव आमच्याच पैठण तालुक्यातले, म्हणजे ज्ञानेश्वर घरचेच. पण कोशात ते सापडेनात. काही कोशांत 'ज्ञ' हा 'ज'च्या पोटात बसतो, काहींत अगदी शेवटी. मुले दोन्हीकडे धावली. या धावपळीत 'जोंधळा', 'झुंजूमुंजू', 'हुरडा' असे कितीतरी वाटेवरचे शब्द त्यांच्या हाती लागले. 'झुंजूमुंजू' नंतर आठवडाभर वर्गात घुमत होता.

आणि एक शनिवार डागडुजीचा. गव्हाच्या पिठाची खळ मी घरून शिजवून आणते. बायंडर लोक खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. तो विषारी, म्हणून मुलांच्या हातांसाठी आम्ही तो गाळतो. फाटलेल्या पानाला पातळ कागदाची पट्टी, पाठीला जुन्या धोतराचे कापड. ज्याने एकदा पुस्तक शिवले, तो त्याचे पान दुमडत नाही. उपदेशाने हे वर्षभरात साधले नसते.

मी स्वतः मॅट्रिकपाशी थांबले. हल्ली दहावी म्हणतात. पुढचे माझे शिक्षण औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत उभ्या उभ्या आणि वाचनालयाच्या वर्गणीवर झाले. कादंबऱ्या लिहू लागले ती त्याच शिदोरीवर. म्हणून असेल, पण पुस्तक घरी नेता येणे याला मी फार मानते. पस्तीस मिनिटांत तिसरीतल्या मुलाची सोळा पाने होत नाहीत. गोष्ट ऐन रंगात असते आणि घंटा होते. ते पुस्तक पुढल्या शनिवारपर्यंत कपाटात कोंडले, तर गोष्टही कोंडली जाते आणि मूलही.

शिवाय आमच्या शहरात पुढल्या शनिवारचा भरवसा कुणी द्यावा? पैठणला नाथसागर भरलेला असतो, तरी गेली कित्येक वर्षे इथे नळाला पाणी रोज आलेले नाही. कधी चार दिवसांनी, कधी आठ. पाणी येण्याचा दिवस हा घरातला सणच. त्या दिवशी एखादे मूल घरी राहते, कारण आई धुण्याभांड्याच्या कामावर, वडील वाळूजच्या कारखान्यात पाळीवर, आणि पिंपे भरायला कुणीतरी हवे. चौथीतला एक मुलगा अशा लागोपाठ दोन शनिवारी आला नाही. तिसऱ्या शनिवारी आला तो पुस्तक घेऊन. पाने फुगलेली, कडेला पाण्याचा डाग. नळी पिंपात सोडून, पिंप भरेपर्यंत तो पायरीवर बसून वाचत होता. "एक पिंप भरायला दोन पानं लागतात, बाई," त्याने मला हिशेब सांगितला. मी ते पुस्तक दुरुस्तीला घेतले नाही. डागासकट ठेवले आहे.

गेल्या वर्षी मोजणी झाली आणि सतरा पुस्तके कमी भरली. संस्थेच्या बैठकीत विषय निघाला. एका वयोवृद्ध सभासदांनी ठरावच मांडला, की यापुढे पुस्तके घरी देऊ नयेत. मुलांनी तासाला बसून वाचावीत, तास संपताच मोजून परत ठेवावीत. मुख्याध्यापकांनी मला बोलावले. माणूस भला आहे. पण जडवस्तूसंग्रहावर सही त्यांची असते.

"बाई, सतरा म्हणजे थोडी नाहीत."

"सर, कोणती गेली ते पाहिलेत का?"

मी देवघेवीची वही पुढे केली. सतरापैकी चौदा पुस्तके खालच्या दोन कप्प्यांतली होती, वर्षभर सगळ्यांत जास्त फिरलेली. वरच्या कप्प्यात थोर पुरुषांच्या चरित्रांचा एक संच आहे, देणगीत आलेला. त्याच्यावरचे प्लॅस्टिकसुद्धा कुणी काढलेले नाही. त्यातले एकही पुस्तक हरवलेले नव्हते.

"म्हणजे हरवणे चांगले, असे म्हणायचे आहे तुम्हांला?" ते हसून म्हणाले.

तसे मला म्हणायचे नव्हते. पुस्तकाला पैसे पडतात, आणि आमच्या शाळेला ते मोजून मिळतात. पण कुलुपाची किंमत कुठल्याच वहीत लिहिलेली नसते, एवढे मी त्यांना म्हटले. १९८७ साली 'खडू-फळा' मोहिमेत सरकारने खेड्यापाड्यांतल्या शाळांना पुस्तके दिली, तेव्हा किती पेट्या उघडल्याच गेल्या नाहीत, हे जुन्या शिक्षकांना विचारावे. हरवले तर पगारातून कापतील, ही भीती! आजही १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जन्मदिवशी, वाचन प्रेरणा दिन येतो. बऱ्याच ठिकाणी त्या दिवशी कपाट उघडते, फोटो निघतात आणि कपाट मिटते.

ही खोड आपलीच आहे, असेही नाही. युरोपात एके काळी पुस्तके साखळीने फळीला जखडून ठेवीत. इंग्लंडात हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये तशी पुस्तके अजून पाहायला मिळतात. रंगनाथन हे मुळात गणित शिकवणारे. ते १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे लिहिली. पुस्तके ही वापरण्यासाठी असतात, हे त्यांचे पहिलेच सूत्र, आणि ते समजावताना त्यांना या साखळ्यांचीच आठवण झाली. आपल्याकडे, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली बडोदे संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले. मग पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव हिंडू लागल्या. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या पेट्या त्याच वाटेने पार परदेशापर्यंत पोचल्या आहेत.

पण मुख्याध्यापकांना पटले ते बडोद्याचे किंवा मद्रासचे उदाहरण नव्हे. पटले ते घराजवळचे. जानेवारी २०२१ मध्ये, करोनाने शाळांना कुलपे लावलेली असताना, आमच्याच शहरात बायजीपुऱ्यात मरियम मिर्झा या शाळकरी मुलीने आपली गोष्टींची पुस्तके मांडून मोहल्ल्यातल्या मुलांसाठी बालवाचनालय उघडले. वडिलांचे पुस्तकांचे दुकान. त्यांनी त्यात आणखी भर घातली. पुढे रीड अँड लीड फाउंडेशनने अशी वाचनालये एकामागून एक मोहल्ल्यांत काढली. तिथे पुस्तके देणारीही मुलेच आणि घेणारीही मुलेच. मुख्याध्यापक एका रविवारी मुद्दाम जाऊन पाहून आले. सोमवारी मला म्हणाले, "बाई, तिथं एका एवढ्याशा पोरीनं मला नाव-पत्ता विचारला. वहीत सही घेतली. मग पुस्तक दिलं."

"मग सर, आपल्याकडे मंत्रिमंडळ आहेच की!"

प्राथमिक शाळांतले मंत्रिमंडळ तुम्हांला ठाऊक असेल. स्वच्छता मंत्री, पाणी मंत्री, सहल मंत्री. आणि शपथविधी गांभीर्याने होतो. आमच्याकडे ग्रंथालय मंत्र्याचे पद होते, पण त्याच्याकडे खाते होते, किल्ली नव्हती. जूनपासून ती त्याच्याकडे आहे. लाल दोऱ्यात गुंफून गळ्यात घालतो. पिंपे भरता भरता वाचणाऱ्या त्या मुलाचा हा धाकटा भाऊ. पुस्तक उशिरा आणणाऱ्यांना तो दंड करीत नाही; त्यांनी पुढच्या तासाला त्या पुस्तकाची गोष्ट सगळ्यांना सांगायची, एवढीच शिक्षा. काही जण मुद्दाम उशीर करू लागले आहेत.

त्या वयोवृद्ध सभासदांनीही एक पाऊल मागे घेतले. मात्र अट घातली. दिवाळीच्या सुट्टीत पुस्तके घरी द्यायची ती द्या, पण सुट्टीनंतर पाचापेक्षा जास्त कमी भरली, तर कपाट बंद आणि तो तास गणिताला. अट कडक आहे, पण मी ती घेतली. दिवाळीच्या सुट्टीत मुले मामाच्या गावी जातात, कुणी कन्नडला, कुणी पार हिंगोलीला. पुस्तके एसटीने प्रवास करणार, फराळाच्या हातांनी चाळली जाणार, फुलबाजीच्या ठिणगीजवळ बसणार. हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर ती घरोघर गेलेली असतील.

मंत्र्याने यादी आताच तयार केली आहे. प्रत्येकाला दोन पुस्तके. दुसरीतल्या एका मुलीला अजून जोडाक्षरे नीट वाचता येत नाहीत. तिने 'आजीच्या' कप्प्यातले सगळ्यांत जाड पुस्तक राखून ठेवले आहे. वाचणार कोण, म्हणून मी विचारले. आजी साक्षरता वर्गाला जाते आहे, ती आणि आजी मिळून वाचणार आहेत. आणि वरच्या कप्प्यातल्या चरित्रांपैकी एकाचे प्लॅस्टिक परवा कुणीतरी काढले. कोण ते मंत्री सांगायला तयार नाही.

मोजणी सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी आहे.