भिंतीलाही ऊब लागते

२०२२ च्या ऑगस्टअखेर ब्रिटनच्या ‘ऑफजेम’ या नियामक संस्थेने ऑक्टोबरपासूनची वीज-गॅसची दरमर्यादा जाहीर केली. सर्वसाधारण घराचं वर्षाचं बिल ३,५४९ पौंड! आदल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला हाच आकडा १,२७७ होता. लेस्टरमधल्या आमच्या गल्लीत त्या आठवड्यात दुसरा विषयच नव्हता. रशियाने युक्रेनवर हल्ला करण्याआधीच गॅस महागायला लागला होता. युद्धाने तो पार हाताबाहेर गेला. सप्टेंबरात सरकार मध्ये पडलं, वाढ २,५०० पौंडांवर रोखली, शिवाय हिवाळाभरात मिळून प्रत्येक घराला ४०० पौंडांची मदत दिली. ती नसती तर आमच्यासारख्यांचं काय झालं असतं, याचा आजही विचार करवत नाही.

पण त्या अडीच हजारांमुळे बऱ्याच जणांची समजूत अशी झाली, की आता कितीही गॅस जाळला तरी बिल त्याच्या वर जाणार नाही. मर्यादा दराला होती, बिलाला नव्हती. इथे गॅसही विजेसारखा युनिटवर आकारतात. ते युनिट वर्षभरापूर्वी सुमारे ४ पेन्सला होतं, ते १० पेन्सच्या वर गेलं. विजेचं ३४ पेन्सच्या आसपास. ज्याचं घर गॅस जास्त खाणार, त्याचं बिल जास्त येणार.

आणि आमचं घर खाणारं होतं. लाल विटांचं, शंभर वर्षांहून जुनं, ओळीतलं एक. अशा घरांच्या रांगाच्या रांगा लेस्टर, नॉटिंगहॅम, लीड्समध्ये आहेत. त्यांच्या बाहेरच्या भिंती नऊ इंची आणि भरीव. पुढच्या काळातल्या घरांत विटांच्या दोन थरांमध्ये पोकळी असते, तिच्यात ऊब धरून ठेवणारा भराव घालता येतो. भरीव भिंतीला आतून किंवा बाहेरून जाड थर चढवावा लागतो आणि त्याला हजारो पौंड पडतात. आम्ही भाडेकरू, दुसऱ्याच्या भिंतीवर एवढा खर्च करण्याची ऐपत नाही. घरमालकाला गॅसचं बिल येत नाही, त्यामुळे त्याला घाई नाही. या एका गाठीपायी इथली लाखो घरं वर्षानुवर्षं रस्ता तापवत बसली आहेत.

माझं माहेर निफाडचं, त्यामुळे थंडी मला नवी नव्हती. पारा चार-पाचवर उतरला, की द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटवून घड जपणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. पण निफाडची थंडी सकाळी उन्हाबरोबर मागे सरते. ओट्यावर पाठ उन्हाला दिली की झालं. डिसेंबरात लेस्टरला साडेतीन-चारलाच अंधारून येतं, दिवस आठ तासांचाही नसतो, आणि भरीव भिंत एकदा गारठली की मार्चपर्यंत आपली आपण गरम होत नाही.

त्या वर्षी जो तो एकच सल्ला देत होता: घर तापवू नका, माणूस तापवा. हिशेबाने तो पटण्यासारखा होता. शंभर वॅटच्या विजेच्या ब्लँकेटला तेव्हा तासाला तीन-साडेतीन पेन्स पडायचे, आणि दोन किलोवॉटच्या पंख्याच्या हीटरला ६८. आम्हीही थर्मोस्टॅट खाली आणला. दिवसा जिथे कोणी बसत नाही, त्या वरच्या खोल्यांचे रेडिएटर बंद केले. अंगावर कपड्यांचे थर चढले, रबरी पिशवीत कढत पाणी भरून ती पांघरुणात सरकवायची सवय लागली. माझ्या सासूबाई तेव्हा सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आल्या होत्या. त्यांनी आल्या आल्या जुन्या सुती साडीत तांदूळ भरून लांबट वळकट्या शिवल्या आणि प्रत्येक दाराच्या फटीला लावल्या. “अगं, दाराखालून वारं येतंय आणि तुम्ही वर यंत्र लावून बसताय,” असं त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. मेणबत्ती धरून पाहिली तर ज्योत आडवी व्हायची.

अगदी फुकट आणि सगळ्यात गुणकारी उपाय मात्र बॉयलरवरच्या एका बटणाचा निघाला. अलीकडचे बॉयलर धुरातल्या वाफेचं पाणी करून तिच्यातली उष्णताही परत मिळवतात. त्यासाठी रेडिएटरमधून फिरून येणारं पाणी ५५ अंशांच्या खाली असावं लागतं. पण बहुतेक घरांत बॉयलर ७०-८० अंशांवर लावून दिलेला असतो. मग वाफ तशीच बाहेर जाते. आम्ही तो ६० वर आणला. खोली तापायला थोडा जास्त वेळ लागू लागला, बाकी कुणाला काही कळलंही नाही. आमच्यासारखा थेट नळाला गरम पाणी देणारा बॉयलर असलेल्या ओळखीच्या प्रत्येकाला मी हे फोन करून सांगितलं. ज्यांच्याकडे गरम पाण्याची टाकी असते त्यांनी मात्र ती ६० च्या खाली नेऊ नये, पाण्यात घातक जिवाणू वाढू शकतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबर ऊबदार गेले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर खरी थंडी उतरली, पारा रात्रीचा शून्याखाली जाऊन राहिला. त्याच दिवसांत मुलाच्या खोलीतलं कपाट काहीतरी शोधायला पुढे ओढलं आणि मागची भिंत दिसली. कोपऱ्यापासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत काळे ठिपके, खाली दाट, वर विरळ. बोट लावलं तर कागद ओला आणि फुगलेला. कपाटातल्या पिशवीत ठेवलेल्या माझ्या दोन इरकलींच्या घडीवर पांढुरकी लव आली होती. मुलगा पंधरवडाभर रात्रीचा खोकत होता, त्याचं कारण समोर होतं.

त्याच नोव्हेंबरात रॉचडेलच्या अवाब इशाकच्या मृत्यूच्या चौकशीचा निष्कर्ष आला होता. दोन वर्षांचं मूल, २०२० च्या डिसेंबरात गेलेलं. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने जडलेल्या श्वसनविकाराने ते गेलं, असं न्यायाधिकाऱ्याने नोंदवलं. पुढे त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. ती बातमी मी वाचली होती. त्या भिंतीपुढे उभी राहिले तेव्हा ती पुन्हा सगळी आठवली.

घडतं असं. आपल्या श्वासातून, अंघोळीतून, कुकरच्या शिट्ट्यांतून घरात वाफ येत असते. घरात धुणं वाळत घातलं, की एका मशीनभर कपड्यांतून दोनेक लिटर पाणी हवेत जातं. हिवाळ्यात कपडे बाहेर वाळत नाहीत आणि विजेचा ड्रायर परवडत नाही, म्हणून सगळ्यांचंच धुणं आत. ही दमट हवा घरातली सर्वांत गार जागा शोधते आणि तिथे पाणी सोडते. ती जागा म्हणजे रेडिएटर बंद केलेली खोली, तिची बाहेरची भिंत, आणि त्या भिंतीलगतचं कपाट. माणूस तापवा, घर नको, या सल्ल्यात ही भिंत कुणी धरलेलीच नव्हती. माणसाला ब्लँकेट पुरतं. भिंतीला नाही पुरत.

तेव्हापासून आम्ही पद्धत बदलली. एक खोली गरम आणि बाकीच्या बंद असं न करता सगळ्या खोल्यांना मंद ऊब. जागतिक आरोग्य संघटना सांगते त्या १८ अंशांच्या जवळपास. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे. मुलाच्या खिडकीच्या चौकटीतली हवेची बारीक झडप आधीच्या भाडेकरूने टेप लावून बुजवली होती, ती मोकळी केली. सकाळी आणि स्वयंपाकानंतर दहा मिनिटं खिडक्या सताड उघड्या. हे पटवून घेणं सगळ्यांना जड गेलं, कारण एवढ्या महाग गॅसने तापवलेली हवा बाहेर सोडायची! पण थोड्या वेळात फक्त हवा बदलते, भिंती आणि सामान तापलेलंच राहतं, आणि कोरडी हवा तापायला गॅसही कमी लागतो.

धुण्यासाठी हवेतलं पाणी ओढणारं यंत्र घेतलं, डीह्युमिडिफायर. दोनशे वॅटचं, पाच तास चाललं की एक युनिट, म्हणजे तेव्हाचे ३४ पेन्स. धुणं एकाच खोलीत, दार लावून, मध्ये ते यंत्र. पहिल्या रात्रीनंतर सकाळी त्याची टाकी ओढून काढली तर काठोकाठ भरलेली. सासूबाई ती दोन्ही हातांनी धरून मोरीत ओतायला गेल्या आणि वाटेत थांबल्या. “हे सगळं पाणी भिंतीत मुरत होतं होय गं?” “होय आई, आणि आपल्या छातीत,” मी म्हटलं.

आमच्या डाव्या हाताच्या घरात सत्तरीपुढच्या एक बाई एकट्या राहतात. त्यांच्याकडे प्रीपेमेंट मीटर, म्हणजे दुकानात जाऊन आधी पैसे भरायचे, मग गॅस. अशा मीटरवर गॅस मुळीच वापरला नाही तरी रोजचा स्थिर आकार चढत राहतो. उन्हाळ्यात साचलेला तो आकार त्यांच्या थंडीतल्या पहिल्या भरण्यातूनच कापला गेला. ज्यांच्याकडे पैसे कमी त्यांनाच हा मीटर, आणि त्यांनीच गारठून बसायचं, याचा मला अजून संताप येतो. सरकारी मदतही त्यांना आमच्यासारखी आपोआप मिळत नव्हती. दर महिन्याला टपालाने कागदी व्हाउचर यायचं आणि ते पोस्टात किंवा दुकानात जाऊन वटवावं लागायचं. त्यांनी दोन व्हाउचरं जाहिरातीचे कागद समजून ड्रॉवरमध्ये टाकली होती. एकदा मीटरचं काहीतरी विचारायला त्यांनी मला घरी बोलावलं तेव्हा ती माझ्या हाती लागली, आणि दोघी मिळून पोस्टात गेलो. देशभर अशी कितीतरी व्हाउचरं न वटवता पडून राहिली. त्या थंडीत त्या दुपारच्या आमच्या स्वयंपाकघरात बसायला यायच्या. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, त्या बाईंना मराठी येत नाही. पण लोकरीच्या सुया दोघींना येत होत्या.

घरमालकाला मी भिंतीचे फोटो आणि मुलाच्या डॉक्टरांची चिठ्ठी पाठवली. त्याने आधी एक रंगारी पाठवला, तो बुरशीवर पांढरा रंग मारून गेला. मी पुन्हा लिहिलं: रंगाने भिंत गरम होत नाही. दुसऱ्या पत्राची प्रत नगरपालिकेच्या घरतपासणी खात्यालाही दिली. त्यानंतर माळ्यावरचा जुना, दबून चार बोटांचा झालेला भराव काढून तिथे २७ सेंटिमीटरचा नवा थर घातला गेला, न्हाणीघरात हवा ओढणारा पंखा बसला. वरच्या खोल्यांत फरक पहिल्याच आठवड्यात जाणवला.

बाहेरची भिंत अजून तशीच आहे. तिच्या आतल्या बाजूला थर चढवायचा तर प्रत्येक खोली चार इंचांनी लहान होईल आणि महिनाभर आम्हाला दुसरीकडे राहावं लागेल, असं मालकाचं म्हणणं. मी त्याला कळवलंय की आमची तयारी आहे, फक्त काम मे ते सप्टेंबरमध्ये धरा.