मोजून दिलेली वीज

आमच्या ठाणाकुशनूरकडील वृद्धांच्या लेखी हैदराबाद अजूनही राजधानीच आहे. १९५६ साली बीदर जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला खरा. परंतु मोठ्या दवाखान्यासाठी आणि लग्नाच्या बस्त्यासाठी आमची पावले तिकडेच वळत राहिली. म्हणून ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागराच्या काठी विजेवर चालणाऱ्या एकआसनी मोटारींची जागतिक शर्यत झाली, तेव्हा ती आम्ही घरच्या कार्याप्रमाणे आस्थेने पाहिली.

शर्यत म्हटली की बैलजोड्या डोळ्यांपुढे येतात. जी अधिक धावेल ती जिंकेल. येथील न्याय निराळा. त्या दिवशी प्रत्येक मोटारीस ठरावीक वीजच मिळाली होती. मध्ये भरून घेण्याची सोय नव्हती. ताशी ३०० किलोमीटरपलीकडे जाण्याचे बळ असूनही चालकाने वळण येण्याआधीच पाय उचलावा, पुढच्या मोटारीच्या आडोशाने वारा चुकवावा, आणि वेग आवरताना मोटरीकडूनच वीज परत मिळवावी. त्या वेळच्या नव्या मोटारींत खर्चाच्या सुमारे ४० टक्के वीज अशी परत मिळत असे म्हणतात. आमच्या देवळातील पुजाऱ्यांस हे समजावून सांगावे लागले नाही. रात्री नंदादीपाची वात सारताना काकडआरतीपर्यंतच्या तेलाचा हिशेब त्यांच्या मनात असतोच.

शेवटच्या फेरीत फ्रान्सचा जाँ-एरिक व्हेर्न पुढे होता. न्यूझीलंडचा निक कॅसिडी त्याच्या अगदी पाठीशी. व्हेर्नपाशी वीज कमी, कॅसिडीपाशी अधिक. वेग वाढवावा तर रेषेआधीच मोटार विझायची. न वाढवावा तर मागचा पुढे जायचा. व्हेर्नने वीज राखली, वाट अडवून धरली, आणि अर्ध्या सेकंदाहूनही कमी अंतराने तो जिंकला. तिसऱ्या आलेल्या सेबास्तियाँ ब्युएमीस मर्यादेबाहेर शक्ती वापरल्याबद्दल दंड झाला व ते स्थान अंतोनियो फेलिक्स द कॉस्टाकडे गेले.

तरी आम्हांस अधिक स्मरतो तो १६ फेब्रुवारी २०१९ चा मेक्सिकोतील पराभव. आपल्या महिंद्र संघाचा जर्मन चालक पास्कल वेअरलाइन आघाडीवर होता. रेषा दृष्टीच्या टप्प्यात आली आणि वीज संपली. ब्राझीलचा लुकास दि ग्रासी अखेरच्या काही मीटरांत पुढे निघून गेला. निस्सानच्या दोन्ही मोटारी तर त्याआधीच विजेअभावी मागे पडल्या होत्या. वेअरलाइनास उधळ्या म्हणणे आम्हांस अन्यायाचे वाटते. पाठीमागून सारखा रेटा असता हात आखडता ठेवणे किती कठीण, हे ज्याने घरातले लग्न पार पाडले आहे त्यास विचारावे!

हैदराबादेस पुढील शर्यत १० फेब्रुवारी २०२४ रोजी ठरली होती. राज्यातील सरकार बदलले, आणि जानेवारीत ती रद्द झाली. त्यानंतर एकदा आम्ही बिर्ला मंदिरावरून खाली पाहिले. सागराच्या काठच्या त्या रस्त्याने रिक्षा आणि बसगाड्या चालल्या होत्या.